चार नंबरची प्रेस आणि कॅमेऱ्याचं कव्हर

दुसऱ्याची वस्तू घरात आली की मला ताप येतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुलेखाताईंनी गेल्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या दिला होता, तो परत जाईपर्यंत मला नव्याण्णव पॉइंट आठ ताप होता. सोऱ्या पितळेचा होता. पडला असता तर फरशी फुटली असती, सोऱ्याला काही झालं नसतं, हे संध्या, म्हणजे माझी बायको, मला तीन दिवस समजावत होती. मला ते पटतही होतं. पण पटणं वेगळं आणि ताप वेगळा.

अशा माणसाच्या घरात शफीभाईंचा कॅमेरा आला.

तो कसा आला ते सांगायचं तर आधी मोतीराम सांगावा लागेल. मी वाळूजला रबराचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. मोटारीत जिथं काही गळू नये, आदळू नये, खडखडू नये म्हणून रबर बसवतात, ते रबर आम्ही करतो. म्हणजे करतात दुसरे, मी ते तपासतो आणि नापास करतो. बावीस वर्षं झाली. तुमच्या भित्रेपणाचाच तुम्हाला दरमहा पगार मिळतो, असं संध्याचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे.

मोतीराम आमच्या चार नंबरच्या प्रेसवरचा ऑपरेटर. एकतीस वर्षं एकाच मशीनवर. प्रेस म्हणजे दोन तापलेल्या लोखंडी पाट्या. मध्ये साचा, साच्यात रबर, आणि वरची पाटी खाली येते. त्या वेळी मध्ये हात राहिला तर... मी हे वाक्य आजवर कधी पुरं केलेलं नाही. आमच्याकडच्या जुन्या ऑपरेटरांची बोटं मोजायला बसलात तर बेरीज दहाच्या पाढ्यात बसेलच असं नाही. मोतीरामची मात्र दहाही जागेवर होती. त्याची एक लकब होती. काम बारीक असलं की त्याची जीभ ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून टोकापुरती बाहेर यायची. जीभ दिसली म्हणजे पीस पास, असं आम्ही धरूनच चालायचो.

निवृत्तीला आठ दिवस राहिले तेव्हा तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, एक काम व्हतं."

"बोला ना."

"चार नंबरपाशी माझा एक फोटो पायजे. चंपाबाई एकतीस साल झाले इचारती, तुम्ही तिथं करता तरी काय? मी म्हणतो रबर करतो. ती म्हणती रबर म्हंजी काय करता? आता कसं सांगावं वो? तिला गेटाच्या आत कोण सोडतंय? एकडाव दाखवलं की झालं. शुक्कारच्याला माझं कार्ड जमा व्हईल, मग मलाबी कोण सोडतंय?"

मी हो म्हणालो. भित्रा माणूस हो फार लवकर म्हणतो, कारण नाही म्हणायला धैर्य लागतं. हो म्हटल्यावर आठवलं की आमच्या कारखान्यात फोटो काढायला बंदी आहे. गेटवर बन्सी नावाचा सिक्युरिटीवाला प्रत्येकाच्या मोबाइलच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवतो आणि संध्याकाळी स्वतःच्या नखाने काढतो. प्रत्येक प्रेसच्या मागे एक फळा आहे. त्यावर कोणता पार्ट किती तापमानाला किती मिनिटं शिजवायचा ते लिहिलेलं असतं. ते बाहेर गेलं तर धंदा बाहेर गेला, असं साहेब लोक म्हणतात.

मी सेफ्टीच्या तनुजा मॅडमकडे गेलो. मॅडम वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि मी त्यांना बघितलं की आपोआप हेल्मेट चाचपतो. त्या म्हणाल्या, मोबाइलने काढता येणार नाही, मोबाइलवरून फोटो क्षणात कुठंही जातो. पण कॅमेऱ्याचा फॉर्म आहे. कपाटाच्या तळातून त्यांनी तो काढला. रोलवाल्या कॅमेऱ्याच्या काळातला असावा, कारण त्यात 'रोल धुण्याचे ठिकाण' असाही रकाना होता. मी तिथं 'लागू नाही' लिहिलं. 'फोटोंची संख्या' या रकान्यापाशी थबकलो.

"दोन-तीन लिहा सर. एखादा हलतो," मॅडम म्हणाल्या.

तीन लिहिले तर तिप्पट चौकशी होईल, असं माझ्या मनात आलं. मी एक लिहिलं.

"मग एक म्हणजे एकच. बाहेर जाताना गेटवर मी स्वतः बघेन. जास्तीचे असले तर तिथंच डिलीट करायचे, आणि तुम्हाला मेमो."

बावीस वर्षांत मला मेमो मिळालेला नाही. घरी आल्यावर मी संध्याला विचारलं, मेमो म्हणजे कागदच ना फक्त? ती म्हणाली, हो, आणि आता जेवा.

राहिला कॅमेरा. बजाजनगरात आमच्या समोरच्याच दारात शफीभाई राहतात. लग्नाचे फोटो काढतात. मी चाचरत विषय काढला, तर आतून कॅमेरा आणून वाटीभर साखर द्यावी तसा त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला.

"ले जाव भाई. बस जुम्मे कू असर के पहले मेरेकू वापस होना. तबस्सुम का निकाह है, अपनी भांजी का. मेरा दूसरा कॅमेरा रिपेअर कू गया."

जुम्मा म्हणजे शुक्रवार, आणि असर म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराची नमाज. आणि हा एकुलता एक कॅमेरा. तो पडला की भाचीच्या निकाहचे फोटो गेले, शफीभाईंचा धंदा गेला, आणि रोज समोरच्या दारातून येणारा सलाम-नमस्कार गेला. मी दोन्ही हातांनी कॅमेरा धरून चार पावलांचा पॅसेज ओलांडला. घरात आल्यावर तो कुठं ठेवावा हे सुचेना. टेबलावरून पडेल, कपाटात बुरशी धरेल, पलंगावर कुणी बसेल. शेवटी गव्हाच्या कोठीत गव्हावर टॉवेल अंथरून ठेवला. संध्या म्हणाली, "अहो, तो कॅमेरा आहे. दहावीचा पेपर नाही." ताप नव्याण्णव पॉइंट चार.

खरी भीती पुढे होती. रबराच्या कारखान्यात कार्बन असतो. कार्बन म्हणजे काजळीची पूड, टायरला काळं करणारी. ती हवेत असते, डब्यातल्या पोळीवर असते, निवृत्त झाल्यावर वर्षभर माणसाच्या कानातून निघते. शिवाय जमिनीवर तेल. कॅमेरा घेऊन घसरलो तर मी मोडलो तरी चालेल, पण मी कॅमेऱ्यावर पडलो तर काय, असा विचार मी करत होतो. तेव्हाच मला कळलं की कॅमेऱ्याला घालायचं रबराचं कव्हर मिळतं.

आता ते घ्यावं की न घ्यावं? मी इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं, कॅमेरा चौथ्या मजल्यावरून पडला पण कव्हरमुळे वाचला. त्याच्या खालच्याने लिहिलं होतं, कव्हरमध्ये धूळ अडकून कॅमेरा घासला गेला, कव्हर नसतं तर बरं झालं असतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, रंग छान आहे, आमच्या कुत्र्याला आवडलं. या तिघांतून सत्य कसं शोधावं? मी खुद्द शफीभाईंनाच विचारलं.

"कव्हर? नक्को भाई. बटन बराबर दबते नै, पसीना अंदर, धूल अंदर. बारा साल में दो बार गिराया मैंने. दोनों बार मैं भी साथ में गिरा. मेरेकूच ज्यादा लगा."

सुलेखाताई म्हणाल्या, विकत कशाला घेता, सायकलची ट्यूब कापून गुंडाळा. खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी म्हणाले, कॅमेरा स्टीलच्या डब्यात ठेवा आणि फोटोपुरतं झाकण काढा. ते स्वतः चष्मा असाच वापरतात. आमच्याकडे सल्ला मागावा लागत नाही, जिन्यात उभं राहिलं की मिळतो.

मी तरीही मागवायला निघालो होतो. पण कव्हर पोचणार होतं सोमवारी आणि फोटो होता शुक्रवारी. त्यातच संध्या सहज बोलून गेली, "बावीस वर्षं रबरात काढली, आणि रबर विकत घेणार?"

हे मात्र मला लागलं. हलवायाने कुठं पेढे विकत घ्यावेत? मी ठरवलं, कव्हर आपणच करायचं.

पॅटर्न शॉपमधून कॅमेऱ्याच्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला. त्यावर कच्च्या रबराची शीट गुंडाळायची, भट्टीत शिजवायची, थंड झाली की काढून घ्यायची, लेन्सला भोक पाडायचं, मागच्या पडद्यापुरती खिडकी ठेवायची. काम मोतीरामनेच अंगावर घेतलं. त्याच्याच फोटोसाठी चाललं होतं सगळं, आणि तो खुशीत होता. ठोकळा हातात घेऊन मात्र त्याने मान हलवली.

"साहेब, ठोकळा जरा मोठा पायजे. रबर आकसतंय."

गरम रबर थंड होताना आकसतं, म्हणून साचा नेहमी थोडा मोठा करतात. हे आमच्या कँटीनच्या आचाऱ्यालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. याच एका कारणावरून मी आजवर हजारो पीस नापास केले आहेत.

"नको," मी म्हणालो. "घट्टच बसू दे. ढिलं झालं तर कॅमेरा निसटेल."

"लई घट्ट व्हईल."

"होऊ दे."

भीती माणसाला शिकलेलं विसरायला लावते. मोतीरामने माझ्याकडे एकदा बघितलं, ठोकळ्याकडे एकदा बघितलं, आणि जीभ बाहेर काढून कामाला लागला. कव्हर सुरेख झालं. काळंभोर, एकाही बुडबुड्याशिवाय. मी सवयीने नापास करायला कारण शोधलं, ते सापडलं नाही.

शुक्रवार उजाडला. कॅमेरा संध्याच्या दोन शालींत गुंडाळून मी कंपनीच्या बसमध्ये बसलो. खिडकीची जागा घेतली नाही, काच फुटली तर? दाराजवळची घेतली नाही, दार उघडलं तर? गेटवर बन्सीने शाली उलगडल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: कॅमेरा, काळा, एक नग.

"कव्हर-बिव्हर काय?"

"नाही," मी म्हणालो. कव्हर आत होतं, बाहेर नव्हतं, त्यामुळे हे खरं होतं.

निरोप समारंभ तीनला होता. त्याआधी फोटो, असं ठरलं होतं. दोन वाजेपर्यंत मी दर दहा मिनिटांनी कॅमेरा चालू करून बघत होतो, जिवंत आहे ना म्हणून. दोनला चार नंबरपाशी गेलो. मोतीरामने धुतलेला शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. मी कव्हर घेतलं आणि कॅमेरा आत सरकवायला लागलो. जाईना. कोपरा जाई, पोट जाईना. पोट जाई, तर कोपरा बाहेर येई.

"आणा हिकडं," मोतीराम म्हणाला.

आमच्याकडे घट्ट रबर बसवायची एक जुनी रीत आहे. प्रत्येक टेबलावर साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश असतो. ब्रश फिरवला की रबर लोण्यासारखं सरकतं. मोतीरामने एकतीस वर्षांत असे किती लाख पीस बसवले असतील देव जाणे. त्याच्या हाताने डोक्याला न विचारताच ब्रश उचलला.

"अहो मोतीराम! साबण! पाणी! तो कॅमेरा आहे!"

"कव्हराला लावतोय साहेब, कॅमेऱ्याला नाय. रबर अन् साबण, नवरा-बायकोच हायेत." त्याने कॅमेरा लेन्स स्वतःकडे करून धरला, कव्हर समोरून चढवलं, मान खाली घातली, जीभ कोपऱ्यातून बाहेर आली, अंगठे फिरले आणि फट्! बसलं. माझ्या छातीत काहीतरी पुन्हा सुरू झालं.

आणि त्याच वेळी कॅमेऱ्यातून आवाज यायला लागला. कचकचकचकचकच.

"मेला!" मी ओरडलो. "कॅमेरा मेला!"

"मेलेला बोलत नाय साहेब. चालू व्हता का?"

चालू होता. दहा मिनिटांच्या तपासणीनंतर मी तो बंद करायचा विसरलो होतो. रबर इतकं आकसलं होतं की फोटोचं बटण त्याच्या खाली कायमचं दाबलं गेलं होतं. शफीभाई लग्नात हार घालतानाचा क्षण चुकू नये म्हणून कॅमेरा अशा पद्धतीने लावून ठेवतात की बोट दाबलेलं असेपर्यंत तो फोटो काढतच राहतो. बंद करायचा खटका रबराखाली. बॅटरीचं दार रबराखाली. मी ओढलं, मोतीरामने ओढलं, पण साबणामुळे दोघांच्याही हातांतून ते निसटत होतं. आता बसवायला लावलेला साबण काढतानाही कामाला आला असता असं तुम्हाला वाटेल. नाही येत. संसारातही नाही येत.

मी पळत सुटलो. टूल रूममध्ये काहीतरी पकड मिळेल म्हणून. कॅमेरा गळ्यात, छातीवर, आणि तो समोर येईल ते टिपतोय. चहात बिस्किट बुडवणाऱ्या तनुजा मॅडम आल्या. खुर्चीत मान टाकून झोपलेले परचेसचे साहेब आले. खुर्चीत मान टाकून झोपलेले परचेसचे साहेब आले. चहात बिस्किट बुडवणाऱ्या तनुजा मॅडम आल्या. मी लेन्सवर हात ठेवायला गेलो, पण हाताला साबण होता, लेन्सला लागला तर? मी हात मागे घेतला. माझ्या डोळ्यांपुढे मेमो, पोलीस, बजाजनगरातून सामान हलवणारा टेम्पो आणि त्यात बसलेली संध्या असं सगळं येत होतं. टूल रूमच्या दारात कॅमेरा गप्प झाला. आतलं मेमरी कार्ड भरलं असावं. ती शांतता आवाजापेक्षाही भयंकर होती.

कव्हर कापायला मी ब्लेड घेतली. पण ती आधी कुठं टेकवावी हे ठरवण्यात इतका वेळ गेला की टूल रूमच्या माणसाने ती माझ्याकडून काढून घेतली, आणि दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर तो स्वतः चालवायला तयार नव्हता.

तीनला समारंभ झाला. मोतीरामला फेटा बांधला, दोन हार घातले, शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकतीस वर्षं भोंग्यावर जगलेल्या माणसाला घड्याळ कशाला, असं मनात आलं, पण मी टाळ्या वाजवल्या. मोतीरामने तीनदा माझ्याकडे बघितलं. फोटोचं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो चार नंबरला हात लावून, तो हात छातीला लावून निघून गेला. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

साडेतीनला गेटवर बन्सीने रजिस्टर उघडलं.

"आत येताना कव्हर नव्हतं. आता हाय. हे कंपनीचं रबर. गेटपास पायजे."

"निघत नाही हो ते."

"कव्हर हितं ठेवा, कॅमेरा घेऊन जावा."

"निघतच नाही!"

"मग दोन्ही ठेवा."

तेवढ्यात तनुजा मॅडम आल्या. "फोटो दाखवा सर. एकच आहे ना?" बटण दाबलेलं असल्यामुळे मागचा पडदा काहीच दाखवत नव्हता. मी खरं ते सांगून टाकलं. बिस्किटाचं तेवढं सांगितलं नाही. मॅडमचा चेहरा पांढरा पडला, कारण परवानगीवर सही त्यांची होती. मेमोला भिणारे आता आम्ही दोघं होतो. माझ्या खिशात फोन वाजला.

"भाई, किधर है? दुल्हन तयार है, फोटोग्राफर खडा है, हाथ में कुछ नै!" मी कुठं आहे ते सांगितलं. "रुको, मैंच आता."

गेटबाहेर फुगे लावलेली रिक्षा उभी होती. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला घ्यायला घरचे येतात. चंपाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या आणि त्यांची मुलगी सोनिया बरोबर होती. सोनिया बजाजनगरात ब्लाउज शिवते, संध्याचेही तीच शिवते. मोतीराम रिक्षात एक पाय ठेवून उभा होता. मी गेटच्या जाळीतून हाक मारली. दुसरं कोण होतं? हे मला दोन वाजताच सुचायला हवं होतं. जादा रबर कापून पीस साफ करायची त्याची वाकडी ब्लेड अख्ख्या कारखान्यात प्रसिद्ध होती. आणि ती त्याने सकाळीच स्टोअरला जमा केली होती.

मोतीराम आत यायला लागला, तर बन्सीने आडवा हात धरला. त्याच्या आवाजातही अवघडलेपण होतं.

"मोतीरामभाऊ, कार्ड जमा झालं ना. आता पाव्हण्याचा पास करावा लागतो. कुणाला भेटायचंय?"

"कव्हराला," मोतीराम म्हणाला.

फॉर्ममध्ये तसं लिहिता येईना. पाहुणा आत येऊ शकत नव्हता, ब्लेड बाहेर जाऊ शकत नव्हती आणि कव्हर कुठंच जाऊ शकत नव्हतं. शेवटी तनुजा मॅडमनीच तोड काढली. बन्सीचं टेबल गेटच्या फटीत ओढलं, दोन पाय आत, दोन पाय बाहेर. बाहेरच्या बाजूला मोतीराम बसला, आत मी कॅमेरा धरून, मध्ये स्टोअरमधून आणलेली ब्लेड. मोतीरामने हात फक्त कोपरापर्यंत आत घेतले.

फेट्याचा सोगा आणि दोन हार, त्यात त्याचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होते फक्त हात. चंपाबाई त्याच्या पाठीमागे उभ्या होत्या आणि त्या हातांकडे बघत होत्या. ब्लेड रबरात शिरली तसं त्या पुटपुटल्या, "हळू." माझ्याही मनात तेच होतं, पण मी कॅमेऱ्याचा विचार करत होतो. ब्लेड एका कडेने गेली, दुसऱ्या कडेने आली. रबर सालीसारखं दोन तुकडे होऊन सुटलं. कॅमेऱ्यावर ओरखडा नाही, बोटाला नाही. बन्सीने लिहिलं: रबर कव्हर, एक नग, तुकडे दोन, जमा.

तेवढ्यात शफीभाई स्कूटरवरून आले, शेरवानीत. त्यांनी कॅमेरा घेतला आणि नाकाला लावला.

"साबुन? भाई, धो के दे रहे क्या?"

मी हात जोडले. त्यांनी पडदा चालू केला. सातशे त्रेचाळीस फोटो. मॅडम त्यांच्या बाजूला उभ्या राहून भराभर डिलीट करायला लावू लागल्या. फळा, डिलीट. नवे पार्ट, डिलीट. माझे बूट, डिलीट. झोपलेले साहेब. इथं मॅडम क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, डिलीट. बिस्किटाचा फोटो आला, अर्धं बिस्किट चहात पडताना आणि मॅडमचं तोंड उघडं. त्यांनी शफीभाईंच्या हातावरून स्वतःच बटण दाबलं. उलटं जात जात शफीभाई अगदी पहिल्या फोटोपाशी पोचले आणि त्यांचा अंगठा थांबला.

"ये किसने निकाला?"

मी वाकून बघितलं. मोतीराम होता. कव्हर चढवताना लेन्स त्याच्याकडे होती आणि बटण दाबलं गेलं होतं. मान थोडी खाली, तेल लावलेले केस, डोळे कामात बुडालेले, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक. मागे धूसर पण ओळखू येईल अशी चार नंबरची प्रेस. फळा नेमका त्याच्या डोक्यामागे झाकला गेला होता.

"रबरनं काढला," मोतीराम म्हणाला.

मॅडमनी परवानगीचा कागद काढला. मोतीराम, प्रेस क्रमांक चार, फोटो एक. त्यांनी कागदाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि त्यावर टिक केली. "हा राहू द्या," त्या म्हणाल्या. मला बसायला खुर्ची हवी होती, ती बन्सीने दिली.

शफीभाईंनी कॅमेरा चंपाबाईंपुढे धरला. त्यांना घाई होती, पण त्यांनी तो हलवला नाही. चंपाबाई पडद्यावर वाकल्या. मग म्हणाल्या, "ह्ये जीभ काढून काम करतेत?"

"आई!" सोनिया जवळजवळ किंचाळली. "अभ्यास करताना मला किती चिमटे काढले त्या जिभेपायी! आजबी शिवताना बाहेर येती तर बोलती!"

"मला काय ठावं," चंपाबाई म्हणाल्या. "मी समजले नणंदेवर गेली. वीस वर्षं त्या बिचारीला नावं ठिवली."

सगळे हसले. मोतीराम हारांत तोंड लपवून हसला. चंपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, काचेवर, आणि मला सवयीने धडकी भरली.

"अन् ह्ये मागं काय?"

"चार नंबर. ही वरची पाटी, ती खाली येती. मधी रबर."

"अन् हात?"

"हात भाईर."

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

चंपाबाईंनी कॅमेरा शफीभाईंना परत दिला. शफीभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "कव्हर अच्छा था भाई, बस कॅमेरे कू पसंद नै आया. प्रिंट मैं बडा निकाल के देता," आणि स्कूटर सुरू करून निकाहला गेले. माझा ताप त्यांच्यामागोमाग गेला. आता घरी जायचं, गव्हाच्या कोठीत फक्त गहू आहेत हे बघायचं आणि झोपायचं, असं माझ्या मनात चाललं होतं.

"आमच्या गल्लीतल्या एकाची तीन बोटं गेली अशाच मशिनीत," चंपाबाई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "तवापासून रोज ह्यांनी दार वाजवलं की मी आधी हात बघायची, मंग तोंड. ह्यांना कधी बोलले नाय. बोललं तर ध्यान हलतंय."

मोतीराम त्यांच्याकडे बघतच राहिला. एकतीस वर्षांत हे त्यालाही माहीत नव्हतं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अख्ख्या बजाजनगरात सगळ्यात भित्रा मीच, असा माझा आजवर समज होता.

चंपाबाईंनी गेटवर, सगळ्यांसमोर, मोतीरामचे दोन्ही हात हातात घेतले. बन्सीने सवयीने रजिस्टर जवळ ओढलं. त्यांनी डाव्या अंगठ्यापासून सुरुवात केली, एकेक बोट चिमटीत धरून, मोठ्याने. उजव्या करंगळीपाशी आल्या आणि तिथं जरा जास्तच वेळ थांबल्या.

"धा," त्या म्हणाल्या. "चला आता घरी."